तीन पायांचा गवा

माझी सारी नोकरी डहाणू रोडच्या तिकीट खिडकीवर गेली. चिल्लरीचा वीट यायला हवा होता, झालं उलटंच. मी अमेरिकेचं जुनं पाच सेंटचं नाणं जमवायला लागलो, तेही फक्त गव्याचं चित्र असलेलं.

नाणं निघालं त्या पहिल्या वर्षी हा गवा मातीच्या उंचवट्यावर उभा होता. खालची किमतीची अक्षरं भराभर झिजायची, म्हणून त्याच वर्षी उंचवटा कापून सपाट केला आणि अक्षरं खोलात बसवली. पुढे एका टांकसाळीत कुणीतरी साचा इतका घासला, की गव्याचा पुढचा एक पायच गेला, खूर तेवढा राहिला. त्या चुकीसाठी जगभरचे लोक वेडे आहेत. लबाड लोक साध्या नाण्यावरचा पाय खरवडून टाकतात. पण अस्सल नाण्यात गव्याच्या पोटाखाली बारीक ठिपक्यांची धार असते, लघवी करत असल्यासारखी. मोठमोठे जाणकार आधी तीच शोधतात.

तसं एक नाणं माझ्याकडे होतं. नरपडच्या, बोटीवर नोकरी केलेल्या मित्राने दिलेलं. पंधरा वर्षं रोज चहाबरोबर मी ते भिंगाखाली धरत होतो. ते अस्सल आहे, हे एकदा जाणकाराच्या तोंडून ऐकायचं, एवढीच हौस उरली होती. शेवटी वापीचे एक गृहस्थ धनत्रयोदशीला यायला तयार झाले.

आदल्या दिवशी बायकोने पूजेसाठी घरातली सगळी नाणी काढून चिंचेने घासली. हे हातात आल्यावर ती थबकली. खंडित मूर्ती पूजेला चालत नाही, मग खंडित जनावर कसं चालेल? ती थेट बाजारातल्या सोनाराकडे गेली आणि तासाभरात हसतमुखाने परतली.

"सोनारभाई म्हणाले, बेन, चांदीचा पाय लावलाय, आता पडायचा नाय."

गवा चार पायांवर उभा होता. नवा पाय बकरीचा वाटत होता. मी तोंडाला येईल ते बोललो आणि रात्री जेवलो नाही.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. भिंगातून बराच वेळ बघत राहिले.

"पाय काढून फसवणारे खूप पाहिले. लावणारं कुणी भेटलं नव्हतं." मग त्यांनी नाणं उजेडात तिरकं धरलं. "धार आहे. अस्सल तीन पायांचंच होतं हे. आता पूजेत ठेवा."

दोन चकल्या खाऊन ते गेले. बायको ताम्हनात फुलं मांडत होती.

"निदान एकदा विचारायचं तरी होतंस," मी म्हणालो.

"तुम्ही कधी सांगितलंत का? रोज सकाळी त्या तुटक्या पायाकडे बघून गप्प बसायचात. मला वाटलं, तुम्हाला त्याचं वाईट वाटतं."