गजाननचं लिस्बन, माझं नियोजन

मंडळी, आमच्या मेहकरच्या कॉलेजातला गजानन लिस्बनला चाललाय. कीटकशास्त्राची मोठी जागतिक परिषद आहे. बोंडअळीवरचा माझा पेपर आणि मधमाश्यांवरचा त्याचा, एकाच दिवशी पाठवले होते. त्याचा घेतला. मला 'खेद आहे' आलं.

आज स्टाफरूममध्ये तो मोबाइलवर कार्यक्रमपत्रिका उघडून माझ्याच शेजारी बसला. "सर, एकाच टायमाले इतक्या हॉलमधी भाषणं हायेत. मले काही समजूनच नाही राह्यलं. तुम्हीच ठरवून द्या ना."

"फोटो काढणारा जिथं असन, तिथं बस बे," मी म्हणालो. तो हसला. इतका निर्मळ हसतो, की माणसाला धड जळताही येत नाही.

मग चहा गार होईपर्यंत मी त्याचा एकेक दिवस आखला. अगदी जीव ओतून.

त्यानं सगळं वाचलं आणि हळूच विचारलं, "सर, याच्यात माहा पेपर कधी हाय?"

त्याच्या पेपरच्या वेळेला मी त्याला दुसऱ्या हॉलमध्ये बोंडअळी ऐकायला बसवलं होतं.

खरं सांगा मंडळी, असं नुसतं विसरण्यानंही होतं ना? मी त्याला तसंच सांगितलंय.