आभाळावर काळी काच

"ताई, माघारी फिर! अगं ए ताई, मागं बघ, मागं!"

मेव्हणा धरणाच्या काठावरून ओरडत होता. त्याचा आवाज असा, की तो मुळशीत शिंकला तर हिंजवडीशेजारच्या माणमध्ये आमच्या भाडेकरूंच्या खिडक्या वाजतात. त्याची ताई म्हणजे माझी बायको. उन्हाळ्यानं पाणी मागं हटून गाळ उघडा पडला होता, आणि त्या गाळाच्या पार टोकाला, एका खडकावर, लाल साडीत ती उभी होती. उभी मीच केलेली. आसपास झाड नाही, झुडूप नाही. त्या सगळ्या सपाटीत उंच असं काही असेल तर ती.

"दाजी, तुमी तरी सांगा! वळीव येतोय!"

"वळीव न्हाई रं, फिल्टर हाय!" मी चादरीतून ओरडलो.

उन्हात कॅमेऱ्याचा पडदा दिसत नाही म्हणून डोक्यावरून काळी चादर घेतली होती. जमीन आयटी पार्कात गेली, खोल्या भाड्यानं लागल्या, हाताला काम उरलं नाही, तेव्हा मी फोटोग्राफीला लागलो. माझ्या बॅगेत फिल्टरच्या इतक्या काचा आहेत, की हिंजवडीतल्या एका टॉवरची तावदानं त्यातून बसवून वर चार उरतील. त्यातली ग्रॅज्युएटेड म्हणजे वरून काळी, खाली साफ. आभाळाला गॉगल घालायचा, जमीन उघडी ठेवायची. पण मुळशीत आभाळाची कड सरळ नाही, डोंगर मध्ये घुसतात. काळ्या-साफाची रेघ ठळक असली की डोंगरांची डोकी कोळशागत होतात. म्हणून मी हळूहळू फिकट होत जाणारी काच लावली.

पडद्यावर आभाळ काळंठिक्कर. म्हटलं, काच जास्तच गडद निघाली. चादरीतून हात तेवढे बाहेर काढले आणि फिकी लावली. आभाळ मघापेक्षा काळं. त्याहून फिकी लावली. आणखी काळं. शेवटी सगळ्या काचा काढल्या, तरी आभाळ काळंच. इथं कुठल्याही शहाण्यानं चादरीतून डोकं बाहेर काढलं असतं. मी खूश झालो. इतका कमी उजेड आयता मिळाला, तर पाणी सायीसारखं करायला सगळ्यात दाट एनडी कशाला? ही काच सगळीकडून सारखीच काळी असते. ती उजेड अडवते, म्हणून शटर बराच वेळ उघडं ठेवता येतं आणि लाटा पुसल्या जातात. मधली एनडी लावली, शटर उघडलं आणि दोन मिनिटांची मोजणी सुरू केली.

"घाला ती काच चुलीत!" मेव्हणा. मग "ताई!" मग पुन्हा "ताई!"

मग काहीच नाही.

मी मोजत राहिलो. चादर अंगाला चिकटायला लागली. वारा पडला होता. काठावरच्या म्हशींच्या घंटा कधी थांबल्या, कळलं नाही. शटर मिटलं, फोटो पडद्यावर आला. पाणी साय. डोंगर झकास. खडक अगदी स्वच्छ.

खडकावर कुणी नाही.

चादर ओढून काढली, तर आत जेवढा अंधार तेवढाच बाहेर. खडकाकडे पाहिलं. फोटोत होता तसाच, रिकामा. काठाकडे पाहिलं, तर मेव्हणा नाही, म्हशी नाहीत. मी तिच्या नावानं असा बोंबललो, की ताम्हिणीतली माकडं आजही त्या वाटेला येत नाहीत. गाळात धावलो. एक चप्पल गाळानं घेतली, दुसरी मीच दिली. निम्म्या वाटेत असेन, तेव्हा सगळं पांढरं झालं. वीज त्या खडकावर पडली की मागच्या पाण्यात, हे मी दरवेळी वेगळं सांगतो. मी तोंडावर पडलो, हे मात्र खरं. तोंडात गाळ आणि जळकट वास. उठून खडकापर्यंत गेलो. लाल चिंधीसुद्धा नव्हती. पाण्यात बघायचा धीर होईना, तरी बघितलं. पाणी उकळल्यासारखं उडत होतं, गारा पडत होत्या.

माघारी कसा आलो, ते सांगता येणार नाही. मेव्हण्याच्या गोठ्याच्या दारात पोचलो, तेव्हा आत म्हशींच्या मागं तो आणि ती बसले होते. तिची साडी कोरडी होती. मेव्हण्यानं माझ्याकडं बघून मान फिरवली.

मी खांब धरून उभा राहिलो. आधी रडू आलं, मग राग आला. राग सोपा, म्हणून तोच काढला.

"माझ्या शेजारनं आलीस ना? मग एक हाक मारायची न्हाई?"

ती पदरानं म्हशीच्या पाठीवरच्या माश्या हाकलत होती.

"मारली की," ती म्हणाली. "तुमी म्हणला, मधी येऊ नको."