अर्धचंद्र कापलेलं नाणं आणि आमचा मिक्सर

नाणेप्रेमी मंडळी, आज आपली कॉलर टाईट आहे!

मेहुणा जाफराबादहून मित्राचं पाच रुपयांचं नाणं दाखवायला घेऊन आल्ता. कडेचा अर्धचंद्राच्या आकाराचा तुकडा गायब. “दाजी, टाकसाळीची चूक हाय म्हणे. मित्र लय पैसे मागून राह्यलाय. घेऊ का?”

मी भिंग शोधेपर्यंत बायकोनं नाणं उचललं.

“समोरची कड बघ. टाकसाळीतच तुकडा कमी असता, तर समोर दाब बसला नसता आन् ती कडपण कच्ची उठली असती. ही बराबर हाय. मंग हे नंतर कापलंय. जल्दी परत दे.”

भिंगाखाली बघितलं, तर कापल्या जागी कानशीचे ओरखडे!

माझं नाणेपुराण सुरू झालं, की हीच बाई मिक्सर लावते.

तुमच्याही घरात मिक्सरआडून कुणी ऐकून राह्यलंय का?