रघुने बंद केलेली गाडी

आमच्या लालबागच्या चाळीत रघु पेडणेकरच्या गाडीइतका आरडाओरडा कुणीच केला नसेल. मांजर बॉनेटवर बसलं की ती बोंबलायची, गणपतीत ताशा वाजला की बोंबलायची. "रघु, तुझ्या बायकोला आवर," असं आम्ही गॅलरीतून ओरडायचो. रघुचं लग्न झालेलं नव्हतं. तोही हसायचा.

अलार्म मात्र काढायचा नाही. लहानपणीच त्याचे दोन्ही पाय पोलिओने गेले. पहिल्या कमाईची तीनचाकी स्कूटर चाळीखालून चोरीला गेली, तेव्हा कित्येक महिने तो घरात बसून होता. नोकरीही सुटली. दुसरी लागल्यावर त्याने जुनी गाडी घेतली आणि ब्रेक, क्लच, अ‍ॅक्सिलरेटर हाताने चालवायचा दांडा बसवून घेतला. पायाने दाबायचे तसेच ठेवले, म्हणजे अडीअडचणीला दुसऱ्यालाही चालवता येईल. मग अलार्म आला, ट्रॅकर आला. गाडी हलली की मोबाइलवर मेसेज, आणि एक बटण दाबलं की असेल तिथे इंजिन बंद. चोराच्या मागे मी धावू शकत नाही, म्हणायचा, निदान त्याला थांबवीन तरी.

चाळीत विचारून काही घ्यायची रीत नाही. शिडी, पाटा, पाहुण्यांसाठी गादी, ज्याला लागेल तो उचलतो आणि मागाहून सांगतो.

त्या दिवशी रघु ऑफिसच्या ट्रेनिंगला सहकाऱ्याच्या गाडीतून ठाण्याला गेला होता. दुपारी शेजारच्या खोलीतल्या गंगुबाईंच्या छातीत कळ आली. अ‍ॅम्ब्युलन्स येईना. रघुच्या आईने, नलूमावशीने, गाडीची किल्ली वरच्या मजल्यावरच्या विकासच्या हातात दिली. गंगुबाईंचं डोकं मांडीवर घेऊन त्यांचे यजमान गुणाजी मागे बसले आणि गाडी निघाली. रघुला विकास कळवेल असं मावशीला वाटलं, विकासला वाटलं मावशी कळवेल.

ठाण्याला रघुच्या मोबाइलवर मेसेज गेला. रघुने बटण दाबलं आणि पोलिसांना फोन लावला. घरी लावला नाही.

परळच्या पुलाजवळ गाडी बंद पडली. विकास किल्ली फिरवत राहिला. शेवटी लोकांनी टॅक्सी थांबवून गंगुबाईंना तिच्यात ठेवलं. हॉस्पिटलात पोचेपर्यंत त्या गेल्या होत्या. आधी आणलं असतं तर? डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. मला रघुचा रागच आला होता, खोटं कशाला बोलू. पण त्याचं तोंड बघितलं आणि तो ओसरला. चाळीत कुणीच त्याला काही बोललं नाही. त्याहून कुणी शिव्या दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

तेराव्यानंतर रघुने ट्रॅकर काढायला माणूस बोलावला. स्वतः गाडीत बसून होता. गुणाजी खोलीतून बाहेर आले आणि गाडीपाशी गेले.

"काढू नको ता," ते म्हणाले. "पाय आसत ते तुझे."

रघु लहान पोरासारखा रडायला लागला. म्हाताऱ्याने गाडीचं दार धरलं.

"फकत पुढच्या खेपेक," गुणाजी म्हणाले, "बंद करूच्या आदी घराक एक फोन कर."