गॅस गार करणारी मुलगी

सकाळी दूध गार करायला पातेलं परातीतल्या पाण्यात ठेवलं आणि सायीच्या त्या कोमट वासानं मला थेट चाकूरच्या आमच्या बैठकीत नेलं. मुदखेडचे पाहुणे मला बघायला आले होते. नैसर्गिक वायू थंड करून त्याचा द्रव करणाऱ्या कारखान्यात मी तेव्हा नुकतीच इंजिनिअर म्हणून लागले होते. "नोकरीचं लई बोलू नको," असं माझ्या वडिलांनी, अण्णांनी बजावलं होतं.

पण मुलाच्या आईनं नेमकं तेच विचारलं.

"गॅस गार करायचं यंत्र निवडते," मी म्हणाले. "परातीतल्या पाण्यानं दूध गार होतं, पण पाणी दुधात मिसळत न्हाई, तसंच. यंत्र गळकं निघालं तर कारखाना बंद."

"मग निवडतीस कसं?"

"आधी कुठं, किती वर्षं टिकलंय ते बघते. गोड बोलण्यावर जात न्हाई."

अण्णांनी कपाळाला हात लावला. त्या मात्र खळखळून हसल्या. "मग आमचं पोरगं बी तसंच पारखून घे की!"

मी धीर करून समोर बसलेल्या मुलाला विचारलं, "मी कामावर असले तर स्वयंपाक?"

"खिचडी येते मला," तो लाजत म्हणाला.

त्या दिवशी मीच निवड केली, असं मला बरीच वर्षं वाटत होतं. खरं तर सासूबाई हसल्या, तेव्हाच त्यांनी मला निवडलं होतं.