रामकलीनं छप्पर का धुतलं

दौलतगंजच्या हलवायानं परत पाठवलेला दुधाचा डबा रामकलीनं माझ्या टेबलावर आदळला. "लल्ला, तेरे पर्चे ने डुबो दओ मोय!"

हजीऱ्याच्या वस्तीत तिच्या तीन म्हशी. सगळं दूध एकाच हलवायाला. ते आता कढईत तापवलं की फाटत होतं. हलवायानं बजावलं होतं, दोन दिवसांत सुधार, नाहीतर मी डब्यातली दूधभुकटी लावतो. आणि भुकटीला सोकावलेला हलवाई पुन्हा म्हशीकडे वळत नाही.

मी पशू दवाखान्यात स्टॉकमन, म्हणजे डॉक्टरांच्या हाताखालचा माणूस. वय तेवीस, कॉलेजात असल्यापासून पत्रकं लिहून हात बसलेला. मध्यभारत राज्य नुकतंच मध्य प्रदेशात मिसळलं होतं. हेड ऑफिस भोपाळला निघालं होतं. हजीऱ्यात म्हशींना कासदाह झालेला, म्हणजे कासेला सूज, दुधात गुठळ्या. आणि आमच्या पेनिसिलीनच्या ट्यूबा भोपाळला पाठवायच्या खोक्यांत सीलबंद!

"साहेब, खोकी उघडा," मी डॉ. आपट्यांना म्हणालो होतो.

"अरे जाधव, लिस्ट भोपाळला गेली."

"लिस्ट गेली. म्हशी इथंच आहेत ना?"

"मग पत्रक काढ. तेवढं येतं तुला."

काढलं. हिंदीत, ठळक टाइपात: 'दुहने से पहले कास धोइए!' प्रूफ आपटेसाहेबांनी वाचलं, हेडक्लार्क गोखल्यांनी वाचलं. दोघांनीही मान डोलावली.

आता मी रामकलीला विचारलं, "काकी, पर्चे में जो लिखा, वो किया?"

"दोनों टैम करो! नसैनी लगा के, छप्पर पे चढ़ के."

"छप्पर पे? सीढ़ी लगा के?"

"काँस धोओ, जेई तो लिखो है! छप्पर काँस को ना है, तो का सोने को है? मैंने सोची, ऊपर को कचरो दूध में गिरत होगो."

मी डोक्याला हात लावला. मराठीत कास म्हणजे म्हशीचं दुधाचं अंग. हिंदीत काँस म्हणजे छपराला घालायचं गवत. आम्ही तिघेही मराठी. चूक दिसणार कुणाला? तिनं पुढं सांगितलं, छपराचं पाणी गोठ्यात गळून चिखल झालेला, म्हशी त्यातच बसत होत्या.

तसाच साहेबांकडे गेलो. "चूक आपली आहे. आता तरी खोकी उघडा!"

साहेब आधी पोट धरून हसले. मग चाकू घेऊन त्यांनी स्वतः सील कापलं. "भोपाळला काय कळवू?"

"कळवा, छप्पर गळत होतं, खोकी भिजली."

गोठ्यात गेलो. रामकलीनं काळ्या लुगड्याचा तुकडा फाडून दिला. तो वाटीवर ताणायचा आणि प्रत्येक सडाची पहिली धार त्यावर सोडायची. दुधातल्या गुठळ्या काळ्यावर लगेच दिसतात. दोन म्हशी चोख निघाल्या. तिसरीचं दूध मिसळून सगळा डबा नासत होता.

गोठा कोरडा केला. कासा लाल औषधाच्या पाण्यानं धुतल्या. तिसरीच्या सडात ट्यूबा सोडल्या, तिचं दूध फेकायला लावलं. दुसऱ्या सकाळी दोन म्हशींचं दूध कढईत चढलं. फाटलं नाही. हलवाई टिकला.

तिसरी म्हैस वाचली, पण तिचा एक सड कायमचा आटला. आठ दिवस आधी खोकी उघडली असती तर तोही वाचला असता. याचा राग मला अजून आहे, आणि त्यातला थोडा माझ्या स्वतःवरही आहे.

पत्रक छापण्याआधी साहेबाला दाखवू नये. धार काढणारीला वाचून दाखवावं.