आईची अळणी भाजी

आईच्या हृदयाची ताकद कमी झाली आहे, शरीरात पाणी साठते, तेव्हा मीठ जवळजवळ बंदच करा, असे परभणीच्या डॉक्टरांनी सांगितले. मला हे काम सोपे वाटले. मी जीवरसायनशास्त्र शिकलेली. कारण कळले की उपाय सापडतो, ही माझी धारणा. गावी, झरीला घरी येताच मी वजनकाटा मांडला, लोणच्याची बरणी फडताळात वर ठेवली आणि वहिनीला आईची भाजी वेगळ्या पातेल्यात करायला सांगितले. काही दिवसांत पायांची सूज उतरली. आई दम न लागता अंगणापर्यंत जाऊ लागली.

मग माणसे भेटायला येऊ लागली. थोरली काकू आली तेव्हा आई जेवत होती. काकू सरळ स्वयंपाकघरात गेली, पातेल्यावरचे झाकण काढून तिने भाजी तळहातावर घेतली आणि चाखली.

"अगं बाई! सून अळणी घालायलीय व्हय तुला? मीठ बी कुलपात ठिवती का काय?"

वहिनी खाली मान घालून उभी होती. मी काकूला सूज, मीठ, हृदय असे सगळे समजावले.

"तुझं शिक्षण खरं हाय गं, पर मानसाच्या तोंडाला चव नको का?"

आई हसली. "ती कशाला कुलपात ठिवती, जाऊबाई? लय जीव हाय तिचा. आण गं लोणचं." आणि काकूसमोर तिने दोन फोडी खाल्ल्या.

पुढे जो कोणी येई, त्याच्यासमोर आई लोणचे मागे. मी चिडले, डॉक्टरांचे नाव पुढे कर, म्हणाले.

"तू जातीस पुण्याला. हिला हितंच नांदायचंय. मी गेल्यावर गावानं म्हणावं का, सासूला अळणीवर मारली?"

सूज वाढली की बातमी पसरे, बातमी पसरली की माणसे येत, माणसे आली की लोणचे, आणि लोणच्याने पुन्हा सूज. या चक्रात गोळी नेमकी कुठे घालायची, हे माझ्या शास्त्राला सांगता येईना.

गेल्या महिन्यात तिला परभणीला दाखल करावे लागले. परत आणले तेव्हा ओसरीवर बायका आधीच येऊन बसल्या होत्या. उशीला टेकून, प्रत्येक शब्दाला थांबत आई म्हणाली, "लोणचं... आण गं माय."

मी वहिनीकडे पाहून होकारार्थी मान हलवली. तिचे डोळे भरले होते. तिने पाटावर चढून बरणी खाली काढली.